सहा पॉइंट आठ

मेडिकलच्या चोवीस नंबरच्या खोलीत
माझ्या टेबलावर प्लास्टिकचं जेवण मांडलेलं असतं:
पोळी, मेथी, अर्धी वाटी वरण,
आणि एक अंडं, ज्याला एकदा कुणाच्या तरी लेकरानं
दात लावून पाहिला.

एप्रिलच्या एका मंगळवारी
देवका पराते, वय चौतीस, राहणार तांडापेठ,
कागद पुढे सरकवून उभीच राहिली.
हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ.
पापणी खाली ओढून पाहिली
तर आतही रंग उतरलेला,
पहिल्याच धुण्यात उतरतो तसा.

गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्याच होत्या. जेवण माझ्याकडे.
म्हटलं, तुमच्यात लोह कमी आहे.
"लोहा होता न घरी," ती म्हणाली,
"सासऱ्याच्या मागाचा. भंगारवाल्यानं नेला, किलोनं."
ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

छापील चार्ट पुण्याहून येतो. त्यात ब्रोकोली आहे.
मी ती खोडते. अकरा वर्षं खोडतेच आहे.
वर लिहिते: अंबाडी. चवळी. जवस.
पावसाळ्यात तरोटा, बांधावरचा, नाल्याकाठचा नाही.
सांबार. पुढे कोथिंबीर असं लिहीत नाही,
चार्ट काही पुण्याला परत जाणार नसतो.

"दुपारी काय खाता?"
"भाकर न् वरण. मंग चहा."
"लगेच?"
"लगेच. कळमन्यात संत्री निवडून निवडून
कंबर मोडते, मॅडम. तेवढंच तर सुख हाय."

आता मला सांगायचं असतं की तो चहा
आतड्याच्या दारात आलेलं लोह
बाहेरच्या बाहेर वाटेला लावतो;
की दिवसाला जी हजार संत्री तिच्या हाताखालून जातात
त्यातलं एक, डागी का होईना, भाकरीसोबत खाल्लं
तर तेच दार उघडतं.
व्हिटॅमिन सी, मी म्हणाले. शोषण, मी म्हणाले.
तिनं माझं बोलणं ऐकलं,
चेन्नईच्या गाडीतलं बोलणं आपण ऐकतो तसं.

मग बोटं एकमेकांत अडकवून
स्वतःशीच बोलली,
"म्हंजे भाजी ताणा. संत्रा बाणा.
नुसत्या ताण्याचं लुगडं होत नाही."

माझ्याकडे पदवी आहे, एक सुवर्णपदकही.
हे वाक्य नव्हतं.

जाता जाता विचारलं,
वरणाची डाळ गंजाच्या तळाशी बसते.
तळ कोणाच्या ताटात जातो?
ती प्लास्टिकच्या अंड्याकडे पाहत राहिली.
प्रथिनं किती ग्रॅम, त्याला चार्टवर रकाना आहे.
याला नाही.

ऑक्टोबरात आली. दहा पॉइंट चार.
या वेळी न सांगता खुर्चीवर बसली.
"गंज आता ढवळूनच वाढतो.
बुढा म्हणते, वरण पातळ केलं कावून?
म्हटलं, पातळ नाही. सारखं झालं."

वर्तमानपत्रात बांधलेली जवसाची चटणी ठेवली.
मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहून म्हणाली,
"तुमी उन्हात निघतच नाही का हो?"

माझ्या ड्रॉवरमध्ये माझाच एक कागद आहे.
व्हिटॅमिन डी: नऊ.
ज्या शहरात मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवतं,
त्या शहरात नऊ.
सकाळी सातला खोली, संध्याकाळी स्कूटी,
हातमोजे, सनकोट, तोंडाला दुपट्टा,
दिसतात ते फक्त डोळे.
रुग्णांना मी ऊन लिहून देते,
रोज वीस मिनिटं.

ती गेल्यावर खोलीला कडी घातली.
मागच्या जिन्यावर, जिथं वॉर्डातल्या चादरी वाळतात,
कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत चढवून बसले.
एक आया चादर उचलायला आली,
माझे हात पाहिले आणि विचारलं,
"काय वाळवून राहिल्या, मॅडम?"