भरतीच्या आत

बूट बंधाऱ्यावर ठेवले, आत मोजे कोंबून.
एकावन्नाव्या वर्षी
केळशीची ओली वाळू पायांना लागली,
तर तळवे अंग चोरून बसले,
परक्या घरी जेवायला आल्यासारखे.

तिसऱ्याच मिनिटाला पोटऱ्या कुरकुरल्या.
टाच आपटत चालायची सवय,
पतपेढीच्या फरशीवरची, तीस वर्षांची.
मागे वळून पाहिलं:
प्रत्येक पावलात टाचेचा खड्डा,
त्यात पाणी.

हर्षाली पोलीस भरतीसाठी पळते.
जांभ्याच्या सड्यावरूनही तशीच.
काटा मोडला की एका पायावर उभी,
ओढणीची पिन काढते, पिन परत लावते,
आणि गेलीसुद्धा.

रापण ओढून आलेल्या जानू पावसेंना विचारलं,
तुम्ही कधीपासून अनवाणी?
"चपला कधी घातल्या ते विचार.
माझ्या लग्नात. मग झिलाच्या.
दोन्ही टायमाला चावल्या."
सत्त्याहत्तर वर्षांचे पाय
कुर्लीसारखे तिरके टाकत गेले.

पावसाळ्यानंतर टाच जरा उथळ उमटू लागली.
आज कालवाच्या शिंपीने अंगठा कापला,
खारं पाणी चांगलंच झोंबलं.
तशीच धावले, खाडीच्या तोंडापर्यंत.

बूट बंधाऱ्यावरच राहिले.
रात्री भात वाढताना आठवलं.