मागच्या दाराची किल्ली

शाळा म्हणजे काय, तर पूर्वीचं फर्निचरचं दुकान.
काचेवर अजून पुसट अक्षरं: सोफे, गाद्या, सुलभ हप्ते.
आत बेचाळीस मुलं, चार शिक्षक, एकच संडास
आणि भिंतीवर चौकटीत लावलेली सनद,
पाच वर्षांची. मग डेन्व्हरहून माणसं येणार, बघणार,
चालू ठेवायची की कुलूप घालायचं.

मी बटाट्याच्या शेडमध्ये रात्रपाळी करते.
पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या ढिगात
कुजका बटाटा हाताला आधी कळतो, डोळ्यांना नंतर.
अमादेओचं मला तसंच कळलं.
मोठ्या शाळेत तो मधल्या सुट्टीत
संडासात बसून जेवायचा, पाय वर घेऊन,
दाराखालून बूट दिसू नयेत म्हणून.
त्यानं सांगितलं नाही.
डब्याला फिनेलचा वास यायचा.

जागा बारा, अर्ज एकोणतीस.
चर्चमधून बिंगोचा पिंजरा मागून आणलेला.
ओकरलंड बाई दांडी फिरवत होत्या,
एकेक चेंडू, एकेक आडनाव.
बारावा चेंडू माझ्या शेजारणीचा निघाला.
तिनं माझा हात धरला तो सोडेचना,
जणू माझ्या खिशातलं काही तिच्याकडे गेलं होतं.
ऑक्टोबरात एका बापाची नोकरी सुटली,
ते कुटुंब रातोरात प्वेब्लोला गेलं
आणि त्यांच्या मुलीची खुर्ची आम्हाला मिळाली.
खुर्चीच्या पाठीवर तिनं नाव कोरलं होतं. रोवेना.

लहान शाळेत लपायला जागा नसते.
हे किती चांगलं, असं मी शेडभर सांगत सुटले.
मग कळलं, ज्याच्यामुळे पाय वर घ्यावे लागत
तो डेसही तिथंच आलाय. सहावा चेंडू.
एकच वर्ग. जायचं कुठं?

भांडायला गेले तेव्हा बुटांना शेडची माती होती.
ओकरलंड बाई टेबलाखाली आडव्या पडून
चिकटलेलं च्युइंगम खरवडत होत्या.
सगळं ऐकून घेतलं.
म्हणाल्या, दुसरा वर्ग नाही माझ्याकडे.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या, दुसरं टेबलही नाही.
मला राग आला. अजूनही येतो कधी कधी.

प्रत्येक पालकानं तीस तास शाळेला द्यायचे.
मला केक जमत नाही, गोष्टी सांगता येत नाहीत.
मी कुलपं दुरुस्त केली.
जानेवारीत मागच्या दाराचं कुलूप गोठून बसलं,
उणे अठ्ठावीस, बोट लागलं तर कातडी चिकटेल.
गुडघ्यांवर बसून ते खोलताना
दारापलीकडून डेसचा आवाज आला,
वाचत होता, एकेक अक्षर ओढत,
जड पोतं पायरीवरून ओढावं तसा.
एका शब्दाशी अडला.
अमादेओनं तो शब्द हळूच सांगितला.
डेस पुढं गेला.
बस, एवढंच.
मैत्री झाली म्हणाले तर खोटं होईल.

सनदेच्या सुनावणीला प्रत्येकी दोन मिनिटं,
समोर लाल दिवा.
माझ्याकडे लिहिलेला कागद होता, तो उघडलाच नाही.
म्हटलं, डब्याला आता वास येत नाही.
माणसं एकमेकांकडे बघू लागली.
एकानं गणिताचे आकडे विचारले.
ते बरे नव्हते.
सनद मिळाली. पाचाऐवजी दोन वर्षांची.

आता तो पुन्हा मोठ्या शाळेत, अकराशे मुलांत.
दुपारी कुठं बसतो, विचारत नाही.
डबा घासायच्या आधी एकदा हुंगून घेते,
तो बघत नसताना.

किल्ली परत द्यायची राहिली. कुणी मागितली नाही.
पाळी संपवून पहाटे त्या गल्लीतून जाते तेव्हा
गाडी थांबवून, मागचं दार एकदा ओढून बघते.
लागलेलं असतं.