दिसतंय काय?

आधी होता तो ग्रामपंचायतीचा, काळापांढरा.
काचेवर तलाठीभाऊंनी चिकटवलेला प्लास्टिकचा कागद,
वर निळा, मध्ये केशरी, खाली हिरवा.
दोन वर्षं आम्ही धरून चाललो
की पुढाऱ्यांचे केस निळे असतात
आणि जगातली सगळी माणसं गवतात उभी राहून बोलतात.

मग परकारांकडे खरा रंगीत आला.
मस्कतहून विमानाने, पुढे एसटीत मागच्या बाकावर,
त्याचं वेगळं तिकीट काढून.
जयगडच्या नाक्यावर चौघांनी उतरवला.
“जपून रे,” अल्लीचाचा म्हणाले, “आत माणसं हायत.”

हुसैनमियाँ पंधरा दिवसांत परत गेले.
टीव्ही राहिला, जुलेखाभाभी राहिली,
आणि परसात, माडाला बांधलेल्या लोखंडी पाइपाशी
मी.

मुंबईचं चित्र खाड्या ओलांडताना भिजायचं.
कुणीतरी पाइप धरून उभं राहावं लागे.
मी खारवीवाड्यातला लखू, तांडेलाचा मुलगा,
ह्याला वारा कळतो म्हणाले, आणि दिलं काम.
“दिसतंय काय?”
“नाय!”
“आता?”
“जरा बंदराकडं... गेलं! गेलं! परत आण!”

तर वैशाखातल्या त्या संध्याकाळचं
ऐकलं तेवढंच सांगतो.
साडेसहाला शेतीचं. कपाशीच्या बोंडअळीवर
एक साहेब वीस मिनिटं बोलले,
आणि जन्मात कपाशीचं झाड न पाहिलेल्या
चाळीस मच्छीमारांनी
औषधाचं प्रमाण पाठ केलं.
मग हरवलेली माणसं.
वय बावन्न, रंग सावळा, अंगात पट्ट्यांचा शर्ट.
“कसले पट्टे?” मागून कुणीतरी.
जरा वेळ सगळे गप्प. मग पुढून, हळू आवाजात:
“ह्यांना रंग नाय दिलेला.”

बातम्या. एका बुवांचा ख्याल,
त्यात अर्धी ओटी पाणी प्यायला उठली
आणि बुवा एकाच स्वरावर थांबून
ती परत येईपर्यंत वाट बघत राहिले.
मग नाटक. बाई घर सोडून निघाली होती,
आणि बायकांत वाद, साडी डाळिंबी की किरमिजी,
तोवर ती गेलीसुद्धा.

मला खिडकीच्या गजांतून पडदा दिसत नव्हता.
पडद्याकडे बघणारी तोंडं दिसत होती.
अल्लीचाचांची दाढी मोरपंखी झाली, मग हळदी,
मग कसल्याशा जाहिरातीने सगळ्यांची कपाळं
एकदम गुलाबी, लहान बाळांसारखी.
रंगीत टीव्ही मी पाहिला तो असा,
माणसांवर.

दहाला संपलं. चपला शोधत सगळे गेले.
मी दोरी सैल केली, पाइप हातातून घसरला
आणि काटे समुद्राकडे फिरले.
“थांब!” भाभी ओरडली. “हलू नको, लखू!”
आत खरखर. खरखरीतून एक पुरुषी आवाज,
परका, घशाच्या तळातून येणारा.
भाभी एकेक अक्षर लावून वाचू लागली,
लहानपणी मदरशात शिकली होती तशी, अर्थाशिवाय:
मीम... सीन...
मग थांबली.
मग तिने आकडा वाचला. एक्केचाळीस.
“रात्री पण?” ती कुणाला तरी म्हणाली. मला नव्हे.

समुद्र तव्यासारखा सपाट होता.
हाताला मुंग्या आलेल्या.
भिंतीवर तिची सावली, आणि सावलीभोवती
पांढरा, नुसता पांढरा उजेड, भर दुपारचा.
मी विचारलं, “दिसतंय काय?”
हो नाही, नाय नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाइपावर चुन्याची खूण केली,
नेमकी तिथे, तेवढ्याच कोनात.
पावसाळ्यापर्यंत रोज रात्री दहानंतर
भाभी खिडकीत, मी माडाशी.
खूण बरोबर होती.
समुद्रच पुन्हा तसा पडला नाही.