डावा कोपरा

सगळी गोधडी झाली,
डावा कोपरा तेवढा राहिला.
हातभर लांब, वीतभर रुंद.
तिथं कापड लावावंसं वाटेना.

बाकी सगळी युनिफॉर्मच्या चिंध्यांची.
एमआयडीसीत मी कटिंगला आहे.
चाळीस थर एकावर एक, वरून मशीन फिरवायचं,
बाही निघून जाते कुठल्याशा गावच्या शाळेला
आणि मागं उरते बगलेची चंद्रकोर.
आकाशी, खाकी, एक बारीक चौकडा.
दोन वर्षं पिशवीतून घरी आणल्या मी
पोरांच्या बगला.

मे महिना. डोक्यावर पत्रा.
पंखा बंद, कारण लावला की कागदाचे कपटे उडतात
थेट नरसूबाईंच्या तेंदूपानांत.

पहिल्यांदा फेविकॉल लावून बघितला,
वर्तमानपत्राचे थर, मध्ये जुनं मलमल.
पापड झाला.
सुई शिरेना, शिरली ती मोडली,
अर्धी अजून आतच आहे.

मग मेण. लाइट जाते तेव्हाच्या
बुडख्या उरल्या होत्या डब्यात.
वितळवून ओतलं, गार झाल्यावर चुरगाळलं,
भेगांतून नीळ उतरली
आणि मी एकटीच टाळी वाजवली घरात.
इस्त्री फिरवली तर
मेण पळालं शेजारच्या खाकीत.
तो तेलकट ढग अजून निघाला नाही.
आता निघूही नये.

नरसूबाईंनी पानांचे काठ दिले,
विडीला कापून उरलेले.
ओलं पान टाका घेतं, मानतं.
तिसऱ्या दिवशी हात लागला
तर नुसता चुरा, आणि घरभर
न ओढलेल्या विडीचा वास.
"काय करलालीस गं तू?
पांघरायचं तर पांघर, नाहीतर टांग भिंतीला."
मला तरी कुठं माहीत होतं.

अशोक चौकाच्या मागं एक भंगारवाला आहे.
त्याच्याकडं किलोनं मिळाली
चादरीच्या मागाची जकार्डची कार्डं.
पिवळा पुठ्ठा, भोकंच भोकं,
दोरीनं एकमेकांना बांधलेली.
मागाचं तेल पिऊन मऊ झालेली.

सायन्नामामांकडं नेली.
त्यांनी चष्मा लावला नाही,
बोटं फिरवली,
बाजरी निवडावी तशी.
"मोर हाय. हे पाय. ही मान..."
मग एका कार्डावर बोट थांबलं.
"हे भोक जास्तीचं पडलंय.
माझंच काम हे."

एक धागा नको तिथं वर उठायचा.
मोर तिरळा निघायचा.
"मालकाला?"
"नाही कळलं."
"गिऱ्हाइकाला?"
"हजारभर चादरी गेल्या असतील.
झोपताना कोण मोराकडं बघतंय?"
आणि एवढं हसले, एवढं हसले की
सूनबाई आतून पाणी घेऊन आली.

त्या रात्री सुई मोडली नाही.
पुठ्ठ्याला भोकं होतीच,
मला फक्त जायचं होतं
जिथून पूर्वी मागाच्या सुया जायच्या.
खाली अस्तर लावलं नाही.
कार्डं नुसती हवेवर,
कडेला टॉवेलची किनार,
तिची दशी तशीच सोडलेली.
गंजक्या खिळ्याचा डाग एका ठिकाणी
आपोआप आला. राहू दिला.
सगळ्या भोकांतून तांबडा दोरा गेला,
जास्तीचं ते एक मोकळं ठेवलं.

सकाळी गच्चीत दोरीवर टाकली.
उचलायला चार हात लागले.
नरसूबाई मागून फिरल्या, पुढून फिरल्या,
बगला मोजल्या,
तेलकट ढगाला नखानं खरवडून बघितलं,
मग वाकून त्या भोकाला डोळा लावला.
मी श्वास धरून उभी.

"बरं दिसतंय की,"
त्या म्हणाल्या,
"खाली नळाला पाणी आलंय.
आज पाचवा दिवस.
घागरी काढ आधी."