एकेचाळीस

नेमकं तेव्हाच.
पूल ओलांडताना, सिद्राम कानात ओरडत असताना,
"डावीकडं बघ, डावीकडं—"
आणि पडदा काळा.
पंखे एक श्वास थांबतात,
मग पुन्हा कंपनीची तीच खूण, तेच गोल फिरणारे ठिपके,
जणू मी आत्ताच उन्हातून आलोय
आणि यंत्र म्हणतंय, बसा, पाणी देऊ का.

आठवड्यात एकोणीस वेळा.
अशोक चौकाच्या मागं, कारखान्यावरच्या आमच्या खोलीत
भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्यात,
खाली अप्पा टॉवेलच्या डझनांच्या मारतात तशाच.

यंत्राची स्वतःची एक वही असते.
उघडली. एकोणीस वेळा एकच नोंद, क्रमांक एकेचाळीस:
नीट बंद न होता पुन्हा सुरू झालो.
कशानं, ते नाही.
मरताना कुठं लिहिता येतं.
उठल्यावर लिहिलंय फक्त, की मधे मी नव्हतो.

पहिला संशय मे महिन्यावर.
वर पत्रा, बाहेर त्रेचाळीस.
झाकण काढलं तर आत खालचाच कारखाना:
पंख्याच्या पात्यांवर टॉवेलचं तूस,
वर गुलाबी, मार्चमधल्या ऑर्डरीचं,
खाली पांढरं, दिवाळीआधीचं.
ब्रशनं मूठभर निघालं.
आईनं पांढरं तेवढं बाजूला काढलं, वातीला होईल म्हणाली.

प्रोसेसरचा लेप बदलला.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं पुसून अदलाबदल करून बसवल्या.
तापमान एकाहत्तर, अगदी शहाण्यासारखं.
पूल. सिद्राम. काळा.

नव्या पेठेत रेवणसिद्धनं झाकण न उघडताच सांगितलं,
"मदरबोर्ड. सोळा हजार."
सोळा हजारांचे टॉवेल किती
हे गाडीवर मोजत राहिलो
आणि कन्ना चौकात मागचे हॉर्न वाजवायला लागले.

रात्री पाळी संपवून अप्पा वर आले.
कानात माग अजून चालूच, म्हणून मोठ्यानं बोलतात.
"एमैंदि रा?"
काय झालं ते सांगत गेलो.
ग्राफिक कार्डाला तेलुगूत शब्द नाही, मराठीतही नाही,
बोट दाखवलं.
त्यांनी एवढंच विचारलं, "रिकामा चालतो का?"
चालतो. दिवसभर. सिनेमे, कॉलेजचं, सगळं.
"मग भार आला की मरतो."

उकिडवे बसले. चष्मा कपाळावर.
कशालाही हात न लावता नुसती नजर फिरवली,
ताण्यावरून फिरवतात तशी,
हजारो धाग्यांतला एक सैल शोधायला.
"हे दोन तोंडांचं काय?"
कार्डाला दोन जागी वीज लागते अप्पा,
म्हणून एकच वायर पुढं जाऊन फुटते.
अप्पा हसलेसुद्धा नाहीत.
"एका कांडीवर दोन माग लावलेस तू."

दुसरी वायर खोक्यातच होती.
दोन वर्षं. पिशवीत. गाठ मारलेली.

मग पूल. सिद्राम. डावीकडं.
डावीकडं एक माणूस होता.
एकोणीस वेळा मी त्याच्यासमोर मेलो
आणि त्याला कधी पाहिलंच नव्हतं:
भुऱ्या टोपीचा, गुडघ्यावर बसलेला, जरा लठ्ठ.
"हा कोण?" अप्पा.
शत्रू.
"काय केलंय त्यानं?"

वीस मिनिटं. चाळीस. तासभर.
अप्पा खुर्चीतच झोपले, शेजारच्या रात्रपाळीच्या खडखडाटात.
मग लाईट गेली. पूर्ण गल्लीची.
माग एकेक करून विसावत गेले,
आणि त्या शांततेनं अप्पा दचकून जागे झाले.
गल्लीच्या टोकापर्यंत कान लावला.
"हे आपलं नाही," म्हणाले, आणि कूस बदलली.

भिंतीवर विसावी रेघ मारायची का,
अंधारात ठरेना.
पेन्सिलही सापडेना.