परिशिष्ट चार

आमची राज्यघटना
हे एका तहाचं चौथं परिशिष्ट आहे.
आधी तोफा मागे घ्यायचं कलम,
मग हद्दीची रेघ, मग निवडणुका,
आणि मग, टाचणी लावून, देश.

दूरच्या एका लष्करी विमानतळावर लिहिली ती,
परक्या भाषेत.
त्या रात्री ऊनाच्या काठी आम्ही
तीन वर्षांत पहिल्यांदा बूट काढून झोपलो.
हे विसरून पुढचं वाचू नका.

मी सरकारी पशुवैद्य. वाट्याला एकवीस गावं,
एक खडखडती गाडी
आणि एक गोल शिक्का, आमच्या परगण्याचा.
असे परगणे दहा. वर दोन अर्धी राज्यं,
कुणाचाच नसलेला एक जिल्हा,
त्याहून वर साराएवो, तिथे तीन राष्ट्राध्यक्ष.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
आम्हाला घरं चौदा.

झुमरेताच्या गोठ्यात सात गाई.
रुमेंका सगळ्यांत थोराड, धार काढताना
शेपटीनं नेमका माझाच चश्मा पाडायची.
दूध डोंगरापलीकडच्या डेअरीत जायचं,
पैसे दर पंधरवड्याला, पाकिटात.

मग एका जुलैत पलीकडचा देश
युरोपी संघात गेला.
नाक्यावर निळा फलक, नवी खिडकी, नवी बाई.
एनेसचा टँकर उन्हात उभा.
मी अहवाल पुढे केले: चरबी, जंतू, तापमान.
तिनं नीट वाचले, खरंच नीट.
म्हणाली, “डॉक्टर, दूध उत्तम आहे.
पण तुमच्या देशाच्या वतीनं
बोलतंय कोण?”

मी शिक्का दाखवला.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मग फाईल निघाली. परगणा म्हणाला, वर विचारा.
वरचे म्हणाले, त्या अर्ध्याची संमती आणा.
ते अर्धं म्हणालं, आमच्या गाईंवर
साराएवोची सही? जन्मात नाही.
साराएवोत मी शेतीमंत्र्याची खोली शोधत
जिने चढलो-उतरलो.
शेवटी शिपायानंच सांगितलं,
अख्ख्या देशाचा असा मंत्रीच नसतो.
घटनेत ती खुर्चीच मांडलेली नाही.

चिडून मी झुमरेताच्या ओट्यावर म्हणालो,
फाडून टाकलं पाहिजे ते परिशिष्ट.
ती गाळणं पिळत होती. तिचा नवरा
अजून नदीनं परत दिलेला नाही.
म्हणाली, “फाडा की.
पण पहिली रेघ कुणाच्या नावावर मारणार,
तेवढं आधी सांगा.”
मला सांगता आलं नाही.
ज्या कुलपानं बंदूक आत ठेवली
त्याच कुलपात दूध नासतंय,
आणि किल्ली तिघांकडे,
एकेक दात.

रोजचं नव्वद लिटर.
चीज करून करून फडताळं भरली.
उरलेलं ती हद्दीच्या रेघेपलीकडे
ओस्तोयाच्या डुकरांना पाठवू लागली.
त्याचंही दूध अडलेलंच, पण डुकरं खातात किती!
तो बदल्यात आलुबुखार द्यायचा, कधी लाकडं.
एकेकाळी समोरासमोरच्या खंदकांत होते
त्याचा भाऊ आणि तिचा नवरा.
त्या कॅनला कुणी शिक्का मागितला नाही.

ऑक्टोबरात खाटिक आला.
रुमेंका आणि आणखी एक.
विक्रीच्या दाखल्याला परगण्याचा शिक्का लागतो,
फक्त परगण्याचा.
झुमरेतानं कागद दारच्या चौकटीवर धरला.
शाई ओली होती.
पहिल्याच दाबात
स्वच्छ उमटला.