किरकोळ

दारव्ह्याच्या कॉलेजात, मार्चचा दुसरा शनिवार.
कूलरमध्ये पाणी नव्हतं,
कोरड्या वाळ्यातून ऊन गाळून यावं तसा वारा.
अमरावतीहून आलेल्या काझी मॅडमनी
फळ्यावर लिहिलं, जबाबदार वित्तीय व्यवस्थापन,
आणि खडू ठेवून विचारलं,
"तसलमात उचलून कोण कोण विसरलंय?"
आम्ही बेचाळीस जण. पंखा तेवढा बोलला.

मग किर्द, खतावणी, लेखाशीर्ष,
तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरातली कशी ओळखायची
(इथे ढोके बाबू वाकून चप्पल शोधू लागले)
आणि पुन्हा पुन्हा एकच :
पावती नाही, तर खर्च नाही.
मी ते वहीत उतरवलं, खाली रेघ ओढली.
सतरा वर्षं रोखपाल आहे, रेघा सरळ येतात.

जेवणाआधी मागून दयाराम उईके उठला,
जीवशास्त्राचा प्रयोगशाळा परिचर.
बोलावला होता खुर्च्या लावायला, बसून राहिला.
पिशवीतून शंभरपानी काढली, कव्हर गेलेली.
"मॅडम, हे कोनत्या खात्यात बसते?"

काडीपेटी, दोन.
हरभरा पाव किलो, मोड आणायला.
पोरीचं बोट कापलं, पट्टी.
बेशरमाची पानं, फुकट.
चौदा वर्षांचं. बेरीज कुठेच नाही.
"मले मांगाचं नोतं. लेहून ठेवलं फक्त."

मॅडम चष्मा काढून पानं उलटत राहिल्या.
मला आमचा सूक्ष्मदर्शक आठवला,
तीन वर्षांपूर्वीच्या एकतीस मार्चचा.
पक्कं बिल, साठा नोंदवही पान एकवीस,
उपयोगिता प्रमाणपत्राचा मसुदा माझा.
खोकं उघडलेलं नाही अजून.
कार्यालयात त्याच्यावर चहाची किटली असते.

"कशातच बसत नाही," मॅडम म्हणाल्या,
आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली.
दयारामचं नाव यादीत नव्हतं.
खुर्च्या त्यानेच उचलल्या. मी चार उचलल्या.

सोमवारी किटली खाली ठेवली,
खोकं प्रयोगशाळेत नेलं.
पट्टी कापायला पातं नव्हतं,
दयारामनं कोपऱ्यावरून आणलं, दोन रुपयांचं.
"पावती?" माझ्या तोंडून गेलंच.
त्यानं शंभरपानी उघडली,
पेन माझ्या हातात दिला.
"तारीख टाका, बाबू."